सकाळी छान येणारी कॉफी दुपारी चारला आंबट का होते?

भोरची कॉफीवाली:

नमस्कार मंडळी. मी कर्वेनगरला रस्त्यालगतच्या एका छोट्या कॉफी शॉपवर बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारी, आहे. मागच्या ऑगस्टपासून, म्हणजे नऊ महिने होत आले. दहा बाय आठचा गाळा आहे. आत काउंटर, मशिन आणि आम्ही दोघं, मी आणि भांडी-डिलिव्हरी बघणारा एक मुलगा. बाहेर ओट्यावर चार स्टुलं. सकाळी टेकडीवरून फिरून आलेले काका-काकू येतात, अकरानंतर कॉलेजच्या मुली, संध्याकाळी ऑफिसमधून सुटलेले. मशिन एका ग्रुपचं आहे, म्हणजे कॉफी उतरायचं तोंड एकच, ग्राइंडर वेगळा, टायमरवर चालणारा. बीन्स चिकमगळूरकडच्या, 80 टक्के अरेबिका, 20 टक्के रोबस्टा, मीडियम रोस्ट.

अडचण दुपारच्या कॉफीची आहे. सकाळी सव्वासातला शटर उघडते. मशिन अर्धा तास तापू देते, ग्रुपमधून पाणी सोडून देते, मग एक शॉट, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढते. 28 सेकंदांत बरोबर खुणेपर्यंत येतो. काकवीसारखी जाड, तांबूस धार असते. चव कडसर पण मागून गुळचट. दीड-दोनपर्यंत सगळं असंच चालतं.

साडेतीन-चार वाजले की तोच ग्राइंड (पुडीचा जाड-बारीकपणा), तोच टायमर, हातही माझाच, आणि शॉट 17 सेकंदांत कपात. धार फिकी, वरचा क्रेमा, म्हणजे फेस, पांढुरका, मिनिटभरात विरतो. चव घेतली तर जिभेच्या कडा आकसतात, कैरी चावल्यासारख्या. कॅपुचिनोत दूध-साखर घालून लोक पिऊन जातात, पण बिनदुधाची अमेरिकानो परत येते. गेल्या आठवड्यात तीन परत आल्या. अजून एक गोष्ट दिसते. सकाळी पोर्टाफिल्टर (पूड भरायचं दांड्याचं भांडं) नॉक बॉक्सवर, म्हणजे चोथ्याच्या डब्यावर, आपटला की आतली पूड वडीसारखी अख्खी निघते. दुपारी तोच चिखल होऊन बास्केटला, म्हणजे आतल्या जाळीच्या वाटीला, चिकटतो आणि बोटाने काढावा लागतो.

साडेपाचनंतर परत सुधारते. मालक साधारण पाचला येतात, सहाच्या सुमाराला त्यांची कॉफी पितात, आणि ती चांगलीच असते. त्यामुळे त्यांना वाटतं की दुपारी मी लक्ष देत नाही, मोबाइल बघत टॅम्प करते, म्हणजे पूड दाबते. मी दुपारी मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवून बघितला, फरक शून्य.

हा प्रकार मार्चपासून सुरू झाला. उन्हामुळे होत असेल का? टॅम्प चुकत असेल का? आमचा वजनकाटा फेब्रुवारीत बंद पडला, तेव्हापासून टायमरच्या 9 सेकंदांना 18 ग्रॅम पूड पडते असं धरून चालते. आधी काट्यावर तेवढीच पडायची.

आणि एक सांगते, कारण त्याशिवाय माझी अडचण पूर्ण कळणार नाही. सिंकमध्ये ओतलेल्या प्रत्येक शॉटचे 30 रुपये पगारातून कापले जातात. मार्चमध्ये 540 कापले. हातात 15,000 येतात, त्यातले 4,500 कॉट बेसिसच्या खोलीला जातात. म्हणून आता मी दुपारी शॉट काढून, चाखून, सुधारून बघत नाही. जो येतो तो देते. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. माझ्या हातून आंबट कॉफी माणसाच्या हातात जाते, ते मला ठाऊक असतं, आणि त्याने पहिला घोट घेतला की मी दुसरीकडे बघते.

कुणाला हे कशामुळे होतं ते माहीत असेल तर सांगा.

बाणेररोड:

शॉट लवकर पडतोय म्हणजे ग्राइंड जाडा आहे. ग्राइंडरवर एक खूण बारीक करा, सुटेल प्रश्न.

भोरची कॉफीवाली:

दादा, ते दोनदा करून बघितलं. चारला एक खूण बारीक केली तर चारची कॉफी सुधारते, पण सहाला मशिन अडकतं. 40 सेकंद झाले तरी थेंब थेंब. नेमकी तीच कॉफी मालकांच्या हातात गेली.

नऊ बार:

ताई, तुमच्या या शेवटच्या प्रतिसादात अर्धं उत्तर आहे. मी सहा वर्षं हे काम करतोय, आधी कोरेगाव पार्कात, आता औंधला. नवीन मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं.

चारला बारीक हवा आणि सहाला तोच बारीक जास्त होतो, याचा अर्थ चार ते सहाच्या मध्ये काहीतरी बदलतं. ऊन काही दोन तासांत एवढं कमी होत नाही. टॅम्प करणारा हातही तोच असतो. तर पाच वाजता तुमच्याकडे नक्की काय होतं? मालक येतात, ते कळलं. आल्यावर ते ग्राइंडरला काही करतात का? हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरवरच्या भांड्यात, बीन्स कधी भरता, किती भरता?

आणि उधार-उसनवार करून एक काटा आणा. 0.1 ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमवाला चालणार नाही. सकाळी तीन डोस आणि चारला तीन डोस मोजा, कॉफी काढायच्या आधी, कोरडी पूड. त्यात एक पैशाचाही माल वाया जात नाही, तोच डोस पुढे वापरायचा. आकडे इथे लिहा.

डेक्कनकर:

मला तांत्रिक काही कळत नाही, मी पिणारा माणूस. वय 71. फर्ग्युसन रस्त्यावर फिल्टर कॉफी पीत आमची कॉलेजची वर्षं गेली. त्यात चिकोरी, भाजणी काळी, त्यामुळे कॉफी आंबट असू शकते हेच आम्हाला माहीत नव्हतं. नातवंडांबरोबर या नव्या ठिकाणी जाऊ लागलो तेव्हा वाटायचं, हल्लीची कॉफी आंबटच असते. मग कधी लागायची, कधी नाही. ती आंबट असायला हवी की नको?

नऊ बार:

काका, हलक्या भाजणीच्या चांगल्या अरेबिकाला आंबटपणा असतो, पण तो मोसंब्यासारखा, गोडव्याबरोबर येणारा. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. कॉफी अर्धवट उतरली की येतो तो आंबटपणा वेगळा, टोचणारा आणि पाणचट. गरम पाणी पुडीतून जाताना आंबट पदार्थ आधी विरघळतात, गोडवा आणि कडूपणा मागून येतो. 17 सेकंदांत पाणी पळून गेलं तर मागचं सगळं पुडीतच राहतं. ताईंची भाजणी मीडियम आहे, त्यात रोबस्टा. तिला कैरीसारखी चव येण्याचं काही कारण नाही.

भोरची कॉफीवाली:

काटा आणला. रविवार पेठेत बोहरी आळीत 650 ला मिळाला. माझ्याच पैशांनी घेतला, कारण मला उत्तर हवं होतं.

आज मोजलं. सकाळी आठला तीन डोस: 18.2, 18.0, 18.1. दुपारी चारला तीन डोस: 16.3, 15.9, 16.5. टायमर दोन्ही वेळा 9 सेकंदच.

आकडे बघून मी काटा बंद करून परत चालू केला, मग एक रुपयाचं नाणं ठेवून तपासला. काटा बरोबर आहे.

हॉपरचं विचारलंत. फेब्रुवारीपासून बीन्सची पिशवी कपाटात कुलपात असते. कॉफी महाग झाली म्हणून मालकांनी तसं ठरवलं. रात्री जाताना ते स्टीलच्या डब्यात 500 ग्रॅम मोजून ठेवतात, ती मी सकाळी हॉपरमध्ये ओतते. पाचला ते किल्ली घेऊन येतात आणि परत भरतात. चारपर्यंत हॉपरच्या तळाशी मूठभर बीन्स उरलेल्या असतात. ग्राइंडर चालू केला की त्या लाह्यांसारख्या उडतात, आवाजही वेगळा येतो, खडखड.

यामुळे होत असेल का?

नऊ बार:

यामुळेच. मला तुमच्या त्या खडखडीवरूनच खात्री पटली.

हॉपर भरलेला असतो तेव्हा वरच्या बीन्सचं वजन खालच्या बीन्सना पात्यांमध्ये दाबतं. पाती सतत भरलेली राहतात आणि 9 सेकंदांत ठरलेली पूड पडते. वर वजनच उरलं नाही की बीन्स पात्यांवर उड्या मारतात, कधी आत जातात, कधी नाही. टायमर बिचारा सेकंद मोजतो, पूड मोजत नाही. म्हणून 18 चे 16 झाले. दोन ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण तुमच्या डोसचा तो नववा भाग आहे.

आता चिखल. बास्केट 18 ग्रॅमची, आत 16 ग्रॅम. वर मोकळी जागा राहते, तिथे पाणी साठतं आणि वडीचा चिखल होतो. थर पातळ असल्यामुळे पाण्याला अडवणारं कमी, म्हणून पाणी पळतं. तुम्ही एक खूण बारीक केल्यावर पातळ थर सुद्धा पाण्याला अडवू लागला, म्हणून चारची कॉफी सुधारली. पाचला हॉपर भरला, डोस परत 18 झाला, वर ग्राइंड बारीकच राहिलेला, म्हणून सहाला अडकलं.

तुमचा हात चुकत नव्हता, ताई. मालक सहाला पितात ती कॉफी भरलेल्या हॉपरची असते. त्यांनाही खोटं पाडायचं कारण नाही, त्यांनी चारची कॉफी कधी प्यायलीच नाही.

काय करायचं: प्रत्येक डोस मोजा. गर्दीत सुद्धा मोजा, चार सेकंद लागतात. कमी पडला तर ग्राइंडर क्षणभर चालवून भर घाला. आणि हॉपर अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. कपाटाच्या किल्लीचं तुम्हालाच बोलावं लागेल.

एक विचारायचं राहिलं. गाळ्याचं तोंड कुठे आहे?

भोरची कॉफीवाली:

पश्चिमेला. साडेतीननंतर ऊन थेट काउंटरवर येतं. ग्राइंडर रस्त्याच्या बाजूला ठेवलाय, लोकांना बीन्स दिसाव्यात म्हणून. हॉपर पारदर्शक आहे. आत्ता हात लावून आले, कोमट नाही, चांगला गरम आहे.

नऊ बार:

मग दुसरं कारणही मिळालं. भाजलेल्या बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. ताज्या बीन्सचा हा वायू शॉट काढताना पाण्याला थोडा विरोध करतो. उष्णता, उजेड आणि हवा लागली की तो भराभर निघून जातो, वास जातो, आणि तोच ग्राइंड असूनही शॉट लवकर पडायला लागतो. सकाळी सातला ओतलेल्या बीन्स चारपर्यंत उघड्या हॉपरमध्ये, वर एप्रिलचं ऊन. त्यामुळे डोस बरोबर 18 केलात तरी चारला शॉट 28 ऐवजी 23-24 मध्ये येईल असा माझा अंदाज आहे. तेवढ्यापुरता ग्राइंड किंचित बारीक करावा लागेल, आणि त्यासाठी एक-दोन शॉट काढून चाखावेच लागतील. त्याला दुसरा मार्ग नाही. जगातला कुठलाही बरिस्ता सकाळी एकदा लावलेल्या ग्राइंडवर पूर्ण दिवस काढत नाही.

ग्राइंडर सावलीत सरकवा. ते जमत नसेल तर निदान हॉपरला कापड गुंडाळा.

मशिनवाला धनकवडी:

मी मशिनं दुरुस्त करतो, सोळा वर्षं झाली. नऊ बार यांचं निदान बरोबर आहे, मी फक्त दोन गोष्टी जोडतो, कारण उन्हाळ्यात माझे निम्मे फोन यांच्यावरच असतात.

पहिली, व्होल्टेज. आपल्याकडे 230 धरलेलं असतं. दुपारी आजूबाजूचे एसी, डीप फ्रीझर सुरू झाले की काही लाइनवर ते 200 च्या आसपास येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे 230 चं 200 झालं की 3 किलोवॉटचा हीटर सव्वादोनच्या थोडा वर काम करतो, म्हणजे पाव ताकद गेली. एकामागोमाग चार कॅपुचिनो काढल्यात तर बॉयलर मागे पडतो, पाणी 90 अंशांच्या खाली जातं, आणि कॉफी परत आंबटच येते. ताई, चारला स्टीमचा दाब सकाळसारखाच असतो का, तेवढं बघा. दाबाचा काटा एकाच जागी राहत असेल तर व्होल्टेज विसरून जा.

दुसरी, पाणी. हे जास्त महत्त्वाचं. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी तसं मऊ आहे, त्याने मशिनला फारसा त्रास नसतो. पण एप्रिल-मेमध्ये टँकर येतात, ते बहुतेक बोअरचं पाणी, आणि त्यात क्षार खूप. बॉयलरमध्ये, हीटरवर पांढरा थर बसतो, जेटची बारीक भोकं बुजतात. तुमच्या सोसायटीला टँकर येतो का? पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. मीटरचा आकडा 150 च्या आसपास असेल तर उत्तम.

आरओ लावला असेल तर त्याचाही आकडा बघा. काही जण पाणी अगदी 10-20 पर्यंत खाली आणतात आणि मला सांगतात, शुद्ध पाणी वापरतोय. अशा पाण्यात कॉफी सपक लागते. शिवाय बॉयलरमधला पातळी ओळखणारा प्रोब पाण्यातून वीज वाहते यावर चालतो. क्षारच नसतील तर प्रोबला पाणी दिसत नाही आणि मशिन बॉयलर भरतच राहतं. वाफेच्या जागी वाँडमधून, म्हणजे वाफेच्या नळीतून, पाणी येतं.

वारज्याचा गाळा:

मी मालक आहे. वारज्याला माझंही असंच छोटं दुकान आहे, दोन मुलं कामाला. तुमच्या मालकांच्या बाजूने आधी बोलतो. कच्च्या कॉफीचे भाव खरोखर चढले. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पाउंडाला 4 डॉलरच्या वर गेली होती, त्याची झळ चिकमगळूरपासून आमच्या गाळ्यापर्यंत आली. पिशवी कुलपात ठेवावीशी वाटते, हे मला कळतं. मीही वर्षभर हिशेब घट्ट धरला होता.

पण आता हिशेब मांडून बघा. किलोला 1,200 रुपये धरले तर 18 ग्रॅमचे 21 रुपये 60 पैसे. सकाळी दोन आणि दुपारी दोन शॉट ओतून दिले तरी दिवसाचे 86 रुपये. मी ही रक्कम भाडं आणि वीजबिलाच्या खाली वेगळी ओळ करून लिहितो, "चाखणी" म्हणून. आणि परत आलेल्या एका अमेरिकानोचे? कॉफी गेली, दुसरी फुकट करून द्यावी लागली, आणि तो माणूस उद्या समोरच्या अमृततुल्यला उभा राहिला. शेजारी दहा-पंधरा रुपयांत चांगला चहा मिळत असताना आपण 90 रुपये मागतो. आंबट कप द्यायची सोय आपल्याला नाही.

कपातीबद्दल स्पष्ट लिहितो. 30 रुपये म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा जास्त. आणि नुकसान म्हणून पगार कापायचा तर कामगाराची चूक असावी लागते, त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं. 1936 च्या वेतनाच्या कायद्यापासून हे चालत आलेलं आहे. चाखणी ही चूकच नव्हे, कामाचा भाग आहे. ताई, भांडायला जाऊ नका, तुमचे आकडे घेऊन जा. मालक माणसाला आकडा समजतो.

डेक्कनकर:

हे सगळं वाचून मला एक सांगावंसं वाटलं. दोन महिन्यांपूर्वी प्रभात रस्त्याजवळ मी एक कॉफी परत केली होती. आवाज चढवला नव्हता, पण चारचौघांत म्हणालो, ही काय कॉफी आहे? काउंटरवरचा मुलगा विशीतला असेल. त्याने काही न बोलता दुसरी करून दिली. त्याच्या पगारातून ते गेलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. उद्या फिरायला जाताना तिथे जाऊन येतो.

भोरची कॉफीवाली:

काका, जाऊन या. त्याला बरं वाटेल. चांगली झाली तर तेही सांगा, आम्हाला ते कुणी सांगत नाही.

बाकी सगळ्यांना: मी चार दिवस रोज आकडे वहीत लिहिले. डोस, सेकंद, चव, हॉपर किती भरलेला. वाफेचा दाब दिवसभर एकाच जागी असतो, म्हणजे व्होल्टेज नाही. मग सोमवारी मालकांना फोन केला आणि म्हटलं, काका, आज पाचऐवजी चारला याल का, एक दाखवायचंय.

ते सव्वाचारला आले. मी त्यांच्यासमोर एक शॉट टायमरवर काढला, रोज दुपारी गिऱ्हाइकाला मिळतो तसा. काट्यावर 16.1, घड्याळात 17 सेकंद. दुसरा मोजून 18 ग्रॅमचा काढला, तो 24 सेकंदांत आला, नऊ बार दादा म्हणाले होते जवळजवळ तेवढाच. तिसरा ग्राइंड किंचित बारीक करून, 27 सेकंद. तिन्ही कप फळीवर ओळीने ठेवले आणि पाणी दिलं. क्रेमाचा रंगच तिन्हींचा वेगळा होता. पहिला पांढुरका, तिसरा तांबूस-तपकिरी, वर बारीक ठिपके. दोन्ही पोर्टाफिल्टर त्यांच्यासमोर रिकामे केले. एकातून चिखल, एकातून वडी.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग तिसरा पूर्ण प्यायले. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, हे रोज दुपारी असंच जातंय का? मी हो म्हटलं. मार्चपासून? मी वही पुढे केली.

माझा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. घरी आम्ही दोन म्हशी सांभाळतो. बाबा डेअरीवर दूध घालतात, तिथे फॅटचा आकडा कमी लागला की कसं गप्प उभं राहावं लागतं ते लहानपणापासून बघितलंय. त्या दिवशी आकडे माझ्या बाजूने होते.

किल्ली आता काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असते. पिशवी मी उघडते, गरजेपुरतं भरते, क्लिप लावून परत ठेवते. मालकांनी बांबूचा पडदा आणून बांधला, साडेतीनला तो खाली सोडते. ग्राइंडर आतल्या बाजूला घेतला, तिथे आधी साखरेचे डबे होते. सकाळी दोन आणि पावणेचारला दोन शॉट ओतायला परवानगी आहे, ते वहीत लिहायचे. काट्याचे 650 त्यांनी आपणहून दिले.

कपात या महिन्यापासून बंद. मार्चच्या 540 बद्दल ते बोलले नाहीत. पगार 7 तारखेला होतो, तेव्हा विचारणार आहे. कसं विचारायचं ते ठरवलंय, वही बरोबर ठेवूनच.

दुधाचं मला आधीपासून जमतं. दुधाच्या भांड्याला तळवा लावून ठेवते, हात टेकवणं नकोसं झालं की वाफ बंद, थर्मामीटर लागत नाही. पहिले दोन-तीन सेकंद वाँडचं टोक वर ठेवलं की कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, मग टोक खाली नेलं की आवाज थांबतो आणि दूध गोल फिरायला लागतं. तो आवाज मला घरी धारा काढतानाच्या आवाजासारखा वाटतो, बादली भरत आल्यावर येतो तसा. कॉफीतलं मात्र नऊ महिने नुसतं ऐकून आणि बघून केलं. मोजून केल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला येतं.

काल संध्याकाळी एका काकूंनी अमेरिकानो घेतली. त्यांची आठवड्यापूर्वी परत आली होती, त्या मला लक्षात होत्या. स्टुलावर बसून सावकाश प्यायल्या, कप आत आणून दिला आणि विचारलं, बीन्स बदलल्या का गं? मी म्हटलं, नाही काकू, त्याच आहेत.

मशिनवाले दादा, पाण्याचं राहिलं. सोसायटीत एक दिवसाआड टँकर येतो. मीटर आणला, 412 दाखवतो. मशिनखाली एक छोटी टाकी आहे, ती सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारी, असावी, पण मी आल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही. ग्रुपच्या जाळीवर पांढरं दिसतंय. काय करू?

मशिनवाला धनकवडी:

412 म्हणजे जास्त आहे. टाकी सॉफ्टनरच असेल तर तिला ठरावीक दिवसांनी मिठाने धुवावं लागतं, नऊ महिने कुणी केलं नसेल तर ती आता नुसती पाण्याची वाट आहे. मीठ जाडं, आयोडीन नसलेलं, खडेमीठ घ्या. टाकीवर लिहिलेले लिटर इथे सांगा, त्यावरून मीठ किती ते सांगतो. तोपर्यंत मशिनला टँकरचं पाणी बंद, 20 लिटरचे जार लावा. त्यांचंही मीटरवर बघा, काही जार 30 च्या खाली असतात.

व्हिनेगर बॉयलरमध्ये घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. जाळी आणि गास्केट काढून साफ करता येईल, ते मी फोटो बघून सांगेन. रात्री मशिन थंड झाल्यावर काढा, गरम असताना हात घालू नका.

भोरची कॉफीवाली:

टाकीवर 8 लिटर लिहिलंय. फोटो रात्री नऊनंतर टाकते, शटर बंद केल्यावर.